पेट्रोल इंजिनचं आरसी विमान: देखभाल आणि दुरुस्ती, टाकीपासून प्रॉपपर्यंत

पेट्रोलवरचं आरसी, म्हणजे रेडिओने चालवायचं मॉडेल विमान कुरकुरायला लागलं की बहुतेकांचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे आणि तिथून थेट कार्ब्युरेटरच्या सुयांकडे, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूंकडे जातो. ही सवय मोडायला हवी. मागच्या वेळी व्यवस्थित चाललेलं इंजिन आज अडखळत असेल, तर मधल्या काळात सुया आपणहून फिरलेल्या नसतात. कुठेतरी नळी कडक झालेली असते, जाळी तुंबलेली असते, पॅकिंगमधून हवा शिरत असते, नाहीतर इग्निशनची बॅटरी उतरलेली असते. अशा वेळी सुया फिरवल्या तर मूळ दोष तसाच राहतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

म्हणून या लेखात क्रम असा आहे: आधी इंधनाची वाट, मग कार्ब्युरेटर, मग ठिणगी आणि त्यानंतरच सुया. पुढे इंजिनच्या थरथरीने होणारं नुकसान आणि अपघातानंतरची दुरुस्ती. इथली माहिती साधारण २० ते ६० सीसीच्या, एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना धरून आहे. तुमच्या इंजिनच्या माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर पुस्तिकेचाच आकडा घ्या.

हात लावण्याआधी

५० सीसीच्या इंजिनावरचा २२ इंची प्रॉप (पुढचा पंखा) मिनिटाला ७,००० फेऱ्या घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या वर जातो. हा प्रॉप बोटं तोडतो. गरम इंजिनात थोडं पेट्रोल आणि चालू इग्निशन असेल, तर हाताने अर्धा फेरा दिला तरी इंजिन धडकन सुरू होऊ शकतं. त्यामुळे प्रॉपला, स्पिनरला (प्रॉपच्या मधल्या टोपीला) किंवा इंजिनला हात लावायचा तर इग्निशनचं बटण बंद करून थांबू नका, बॅटरीची पिनही काढून बाजूला ठेवा. शिवाय ट्रान्समीटरवरून (हातातल्या रेडिओवरून) इग्निशन तोडणारा किल स्विच नसेल तर तो बसवूनच घ्या. थ्रॉटलचा सर्व्हो (तो हलवणारी छोटी मोटर) अडकला किंवा त्याची काडी निसटली, तर इंजिन बंद करायला तेवढा एकच मार्ग उरतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. टाकी आणि कार्ब्युरेटरचं काम उघड्यावर किंवा भरपूर वारा खेळता असेल अशाच ठिकाणी करा. त्याच टेबलावर कव्हरिंगची (विमानावर चिकटवायच्या पातळ आवरणाची) इस्त्री किंवा सोल्डरिंग गन तापत ठेवू नका. आग विझवणारं ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं हाताशी असावं.

इंधन आणि त्याचं मिश्रण

या इंजिनात वेगळं ऑइल कुठेच नसतं. बेअरिंग, पिस्टन, कनेक्टिंग रॉड या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-स्ट्रोक ऑइलमधूनच. नवीन इंजिन रुळेपर्यंत ३०:१ किंवा ३२:१ आणि पुढे ४०:१ हे प्रमाण सर्रास वापरलं जातं. काही सिंथेटिक ऑइलना ५०:१ ही चालतं. म्हणजे १ लिटर पेट्रोलला ३२:१ साठी साधारण ३१ मिली, ४०:१ साठी २५ मिली आणि ५०:१ साठी २० मिली ऑइल. हे माप सिरिंजनेच घ्या, अंदाजाने ओतू नका. आणि कॅनवर प्रमाण व तारीख लिहा, कारण ऑइल घातलेलं पेट्रोल आणि कोरं पेट्रोल शेजारी शेजारी ठेवलं की कधीतरी गफलत होणारच. कोऱ्या पेट्रोलवर इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

प्रमाणाबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ऑइल वाढवलं की तेवढ्याच सुईतून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे इंजिन थोडं कोरडं, लीन चालायला लागतं. जास्त ऑइल घालून आपण इंजिनची काळजी घेतोय असं वाटतं, पण सुया जुन्याच ठेवल्या तर सिलिंडर अधिक तापतो. एक ऑइल, एक प्रमाण ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि काही रबरं त्यात लवकर कडक होतात. बिनइथेनॉलचं मिळत असेल तर उत्तमच. मिळत नसेल तर थोडंथोडं ताजं मिश्रण करा आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेलं विमानात घालू नका. भरतानाच बारीक गाळणीतून भरा. टाकीत गेलेला कचरा बाहेर काढण्यापेक्षा तो आत न जाऊ देणं फार सोपं आहे.

टाकी आणि नळ्या

मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या ग्लो इंजिनसाठी वापरतात ती सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, लिबलिबीत होते आणि शेवटी फाटते. टाकीचं रबरी बूचही पेट्रोलसाठी बनवलेलंच हवं. पिवळसर टायगॉन नळी पेट्रोलला टिकते, पण तीही अमर नाही. दिवसांमागून दिवस पेट्रोलमध्ये राहून ती कडक होत जाते, आणि टाकीच्या आत असल्याने हे आपल्याला दिसत नाही.

तपासायचं असं. टाकी बाहेर काढा, रिकामी करा, कानाजवळ धरून नाक खाली, नाक वर, डावीकडे, उजवीकडे अशी कलती करा. नळीच्या टोकाचं वजन, म्हणजे क्लंक, दर वेळी खालच्या बाजूला पडल्याचा टक् असा आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर नळी कडक झाली आहे. अशा टाकीचं विमान जमिनीवर उत्तम चालतं आणि हवेत कलाबाजी करताना बंद पडतं, कारण इंधन एका कोपऱ्यात असतं आणि क्लंक दुसऱ्या. क्लंक टाकीच्या मागच्या भिंतीला टेकणार नाही, तिथे थोडी फट राहील, एवढीच नळीची लांबी ठेवा.

दुसरा दोष ओळखायला अवघड, पण त्याची खूण पक्की आहे: टाकी भरलेली असताना इंजिन सुरेख चालतं आणि अर्धी झाली की अडखळायला लागतं. याचा अर्थ बहुधा टाकीच्या आतल्या नळीला वरच्या बाजूने बारीक चीर गेलेली असते. इंधन चिरेच्या वर असेपर्यंत काही कळत नाही, पातळी खाली आली की तिथून हवा ओढली जाते. नळी काढून एक टोक बोटाने बंद करा, दुसऱ्या टोकाने फुंका आणि पाण्यात बुडवून बुडबुडे पाहा. चीर सापडली तर तेवढाच तुकडा न बदलता सगळ्या नळ्या एकदम बदला. एकीची जी अवस्था, तीच बाकीच्यांची.

हवेच्या नळीकडेही पाहा. तिच्या तोंडात माती किंवा किडा अडकला की टाकीत हवा शिरत नाही, आत निर्वात तयार होतो आणि काही मिनिटांनी इंजिन लीन होऊन बसतं. ही नळी टाकीवरून वळसा घेऊन मग पोटाखाली बाहेर काढली की विमान कललं तरी इंधन सांडत नाही. प्रत्येक जोडावर बारीक केबल टाय किंवा तारेचा वेढा द्या, कारण ऑइलने नळी बुळबुळीत होऊन घसरते. टाकी फायरवॉलला (इंजिन ज्यावर बसतं त्या पुढच्या लाकडी भिंतीला) किंवा लाकडाला थेट टेकू देऊ नका, भोवती स्पंज ठेवा. थरथर थेट पोहोचली तर इंधनाला फेस येतो आणि फेस म्हणजे हवाच.

कार्ब्युरेटर उघडताना

या आकाराच्या इंजिनांवर बहुधा वॉल्ब्रो किंवा त्या पद्धतीचा पंपाचा कार्ब्युरेटर असतो. त्यात दोन पातळ पडदे, म्हणजे डायफ्रॅम असतात. पंपाचा पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने फडफडतो आणि टाकीतून इंधन ओढतो. दुसरा, मोजणीचा पडदा, इंजिनला जेवढं लागेल तेवढंच इंधन आत सोडणारी बारीक सुई एका तरफेने उघडतो-मिटतो. हे पडदे मऊ आहेत तोवर इंजिन आज्ञाधारक असतं. विमान बराच काळ पडून राहिलं की ते वाळतात. मग चोक लावून कितीही वेळा प्रॉप फिरवला तरी इंधन चढत नाही, किंवा चोक अर्धा ठेवल्याशिवाय इंजिन चालत नाही, किंवा थ्रॉटल दिला की धाप लागल्यासारखं होऊन बंद पडतं. ही लक्षणं दिसली की पडदे आणि पॅकिंगचा संच आणून ठेवा. तुमच्या कार्ब्युरेटरवर कोरलेला क्रमांक वाचून त्याच क्रमांकाचा संच घ्या, दिसायला सारखा आहे म्हणून दुसरा घेऊ नका.

कार्ब्युरेटर काढण्याआधी दोन्ही सुया अगदी हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांत बसतात ते मोजा आणि कागदावर लिहा. बसल्यावर आणखी आवळू नका. सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात आणि त्यानंतर तो कार्ब्युरेटर कधीच नीट लागत नाही.

टेबलावर पांढरं कापड पसरा. बऱ्याच वॉल्ब्रोंना पंपाच्या बाजूचं झाकण एकाच स्क्रूवर असतं. ते उघडलं की पडदा दिसतो आणि त्यात कापलेल्या दोन छोट्या जिभा. या जिभा सपाट असायला हव्यात. कडा वळलेल्या असतील तर पडदा गेला. त्याच्या खाली नखाएवढी बारीक जाळी बसवलेली असते. कार्ब्युरेटर उघडण्याचं निम्मं सार्थक याच जाळीत आहे: तिच्यावर तंतू, गाळ, कधी नळीच्या रबराचा चुरा बसलेला सापडतो. सुईच्या टोकाने ती अलगद उचला, पेट्रोलने धुवा, उजेडात धरून सगळी भोकं मोकळी आहेत का पाहा.

दुसऱ्या बाजूला सहसा चार स्क्रूंचं झाकण असतं. आत मोजणीचा पडदा, तरफ, तरफेखाली छोटी स्प्रिंग आणि प्रवेशाची सुई. तरफेची पिन धरणारा स्क्रू काढताना बोट वर ठेवा, नाहीतर स्प्रिंग उडते. सुईच्या टोकावर गोल चरा पडलेला दिसला तर ती बदला. विमान उभं असताना कार्ब्युरेटरमधून थेंब गळत असतील तर कारण बहुतेक इथेच असतं. स्प्रिंग ताणू नका, कापू नका. तरफेची उंची मॉडेलनुसार वेगळी असते, ती त्या मॉडेलच्या गेजने किंवा पुस्तिकेतल्या मापानेच ठेवा. उंच राहिली तर इंजिन इंधनात बुडतं, खाली राहिली तर उपाशी राहतं.

स्वच्छतेचा फवारा वापरायचा तर आधी सगळे पडदे आणि रबरं बाहेर काढा, कारण तो रबर खातो. डोळ्यांवर चष्मा हवाच: एका भोकात मारलेली धार दुसऱ्या भोकातून सरळ तोंडावर येते. भोकांत तार घालू नका.

जोडताना चूक होते ती पॅकिंगच्या क्रमात. वॉल्ब्रोत पंपाच्या बाजूला आधी पडदा, मग पॅकिंग, मग झाकण. मोजणीच्या बाजूला उलट: आधी पॅकिंग, मग पडदा, मग झाकण. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढला असेल तर शंका उरत नाही. पुढची जागा इंजिन आणि कार्ब्युरेटरमधलं पॅकिंग. त्यात दाबाच्या नाडीसाठी एक छोटं भोक असतं. पॅकिंग उलटं बसलं की ते झाकलं जातं आणि पंप मुकाट्याने बंद राहतो. नवे पडदे घालूनही इंधन चढत नाही, तेव्हा सगळ्यात आधी हे भोक पाहा.

याच जोडावर ऑइलचे ओले डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर तिथून हवाही आत जात असणार. अशा इंजिनची आयडलवरची, म्हणजे थ्रॉटल न देता चालतानाची, गती आपोआप चढत-उतरत राहते, आणि थ्रॉटल बंद केला तरी ती लगेच खाली येत नाही. नवं पॅकिंग घाला. कार्ब्युरेटरचा पृष्ठभाग वाकडा वाटला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलकेच घासून सपाट करा आणि नंतर धुऊन काढा.

एक कोडं अनेकांना छळतं: इंजिन जमिनीवर छान, पण काऊल (इंजिनवरचं आवरण) लावून हवेत वेग घेतला की सूर बिघडतो. मोजणीच्या झाकणाला मध्यभागी एक छोटं भोक असतं, बाहेरच्या हवेचा दाब कळावा म्हणून. काऊलमध्ये शिरणाऱ्या वाऱ्याने तिथला दाब बदलतो आणि त्याबरोबर मिश्रणही. त्या भोकावर पितळी नळी बसवून, तिला इंधनाची नळी जोडून, तिचं दुसरं टोक विमानाच्या पोटात शांत हवेत सोडलं की हा त्रास थांबतो.

ठिणगी

इग्निशनची तक्रार बहुतेक वेळा बॅटरीची असते. नुसतं व्होल्टमीटरने मोजलेलं व्होल्टेज फसवं असतं, लोड देऊन मोजा. इग्निशन मॉड्यूलला किती व्होल्ट चालतात हे त्यावर लिहिलेलं असतं. जुन्या मॉड्यूलना ४.८ ते ६ व्होल्टच पुरतात, त्यांना पूर्ण भरलेली दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, म्हणजे ८.४ व्होल्ट, थेट लावली तर ती जळतात.

प्लग काढून त्याचा रंग वाचा. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. काळा आणि ओला म्हणजे मिश्रण जास्त किंवा ऑइल जास्त. पांढरट, कोरडा म्हणजे लीन, आणि याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे पिस्टनवर चरे पडतात. या इंजिनांत सर्रास दिसणाऱ्या एनजीके सीएम-६ प्लगचं अंतर ०.४५ ते ०.५ मिमीच्या आसपास ठेवतात. फीलर गेजने मोजा. प्लग बसवताना आधी हाताने फिरवा आणि इंजिन थंड असतानाच आवळा, कारण ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात.

ठिणगी पाहायची तर प्लग टोपीत घट्ट बसवा, टोपीची धातूची जाळी प्लगच्या धातूला नीट टेकली आहे ना ते बघा, प्लग सिलिंडरवर टेकवा आणि त्याच्या भोकापासून दूर ठेवा. सांडलेलं पेट्रोल पुसून, जागा वाऱ्याने मोकळी झाल्यावर इग्निशन चालू करून प्रॉप हाताने सावकाश फिरवा. चुंबक सेन्सरसमोरून गेला की निळी ठिणगी दिसावी. प्लग न जोडता इग्निशन कधीही चालू करू नका. उच्च दाबाला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि मॉड्यूल आतून मरतं.

ठिणगी येत नसेल तर सेन्सरची वायर कुठे घासली आहे का, सेन्सरचा स्क्रू सैल आहे का, हबमधला चुंबक जागेवर आहे का ते पाहा. सेन्सर किंचित सरकला तरी ठिणगीची वेळ बदलते. मग इंजिन उलटा झटका मारतं किंवा ताकद गमावतं.

आता सुया

इतकं सगळं ठीक असेल तरच सुयांना हात लावा. दोन्ही सुया हलकेच बंद करून साधारण दीड फेरा उघडा, ही सुरुवात. विमान मागून घट्ट बांधा, शेपटीपाशी दुसरा माणूस धरायला असावा, आणि तुम्ही प्रॉपच्या मागे राहा. प्रॉपच्या रेषेत, बाजूलाही, कोणी उभं नको. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थंड इंजिनवर लावलेल्या सुया उड्डाणात खोट्या ठरतात.

आधी कमी गतीची, एल अक्षराची सुई. या आकाराचं इंजिन साधारण १,६०० ते २,००० फेऱ्यांवर शांत आयडल करतं. तिथून थ्रॉटल झटकन उघडा. इंजिन गप्पकन मरायला आलं तर लीन आहे, सुई थोडी उघडा. भडभड आवाज करत, धूर सोडत सावकाश चढलं तर मिश्रण जास्त आहे, थोडी मिटा. एका वेळी फेऱ्याचा सोळावा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिनला काही सेकंद द्या.

मग पूर्ण थ्रॉटल आणि जास्त गतीची, एच अक्षराची सुई. टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारं यंत्र) लावून सर्वाधिक फेऱ्या मिळतील तिथपर्यंत सुई मिटत जा आणि तिथून २०० ते ३०० फेऱ्या कमी होतील एवढी परत उघडा. हवेत प्रॉपवरचा भार हलका होऊन इंजिन आणखी वेगाने फिरतं, तेव्हा ही शिल्लक कामी येते. पूर्ण थ्रॉटललाही एल सुईतून थोडं इंधन जातच असतं, म्हणून एच लागली की पुन्हा एल पाहा. शेवटी माणसांनी घट्ट धरून विमानाचं नाक आकाशाकडे करा, पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद ऐका. आवाज पडला तर एच किंचित उघडा.

थरथर

एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन सतत हादरे देतं आणि हे हादरे जिथे जातात तिथलं काहीतरी सैल करतात. नव्या किंवा नुकत्याच जोडलेल्या विमानाचे इंजिनचे, माउंटचे, सायलेन्सरचे आणि प्रॉपचे बोल्ट पहिल्या काही उड्डाणांत प्रत्येक उड्डाणानंतर पाहा, पुढे दर उड्डाणाच्या दिवशी. धातूत जाणाऱ्या बोल्टांना मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, पण आधी आट्यांवरचं ऑइल पूर्ण काढा, नाहीतर तो धरत नाही. प्लास्टिकजवळ थ्रेडलॉक नको, प्लास्टिक तडकतं. सायलेन्सरच्या बोल्टांवर साधा निळा थ्रेडलॉक उष्णतेने नरमतो, तिथे लॉक वॉशर आणि वरचेवर आवळणं हाच भरवशाचा उपाय. सायलेन्सरपाशी काळे फटकारे दिसले तर तिथलं पॅकिंग गेलं समजा.

नवा प्रॉप बॅलन्सरवर ठेवल्याशिवाय लावू नका. जड पात्याच्या मागच्या बाजूवरून थोडं थोडं घासा, किंवा हलक्या पात्यावर लॅकरचा हात द्या. हबला भोकं पाडून वजन कमी करू नका. लाकडी प्रॉप हवेतल्या ओलाव्याने फुगतो-आक्रसतो, म्हणून त्याचे बोल्ट दर वेळी तपासा आणि चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे आवळा. पात्याच्या कडेला चीर किंवा खोल खाच दिसली की तो प्रॉप मोडून फेका. मोडूनच, म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.

प्रॉप सावकाश फिरवताना कॉम्प्रेशनचा ठोस दाब हाताला जाणवायला हवा. वाळू घातल्यासारखी खरखर जाणवली किंवा हब वर-खाली हलवल्यावर खुळखुळला तर बेअरिंग बदलायची वेळ आली आहे. रिंग बदलायला सिलिंडर काढलात, तर पिस्टनच्या खाचेतल्या छोट्या पिनेवर रिंगची टोकं बसवूनच सिलिंडर खाली सरकवा. कुठे अडलं तर जोर करू नका, रिंग मोडते.

अपघातानंतर

विमान पडलं की आधी इग्निशन बंद, मग रिसीव्हर, मग पेट्रोल कुठे गळतंय ते पाहा. इंजिन चालतंय का बघायला प्रॉप फिरवू नका. कार्ब्युरेटरच्या तोंडात माती असते आणि एका फेऱ्यात ती सिलिंडरमध्ये जाते. आजूबाजूचे सगळे तुकडे, बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) ढलप्यासुद्धा, गोळा करा. तुटलेली कड तशीच असेल तर तुकडे परत अचूक बसतात. तुकडा हरवला तर नवीन कापून आकार जुळवण्यात कितीतरी जास्त वेळ जातो.

शाफ्ट वाकला आहे का हे प्रॉपच्या टोकावरून कळतं. चांगला प्रॉप लावा, एका पात्याच्या टोकासमोर स्थिर काडी ठेवा, मग दुसरं पातं तिथे आणा. अंतरात फरक दिसला तर प्रॉप हबवर अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा बघा. फरक प्रॉपबरोबर फिरला तर दोष प्रॉपचा. जागच्या जागी राहिला तर शाफ्ट किंवा हब वाकलं आहे, आणि ते ठोकून सरळ करायची गोष्ट नाही.

फायरवॉल सगळ्यात जास्त मार खाते. इंजिन काढा, कोपऱ्यांत टॉर्च मारा, अंगठ्याने दाबून बघा. केसाएवढी रेष हलताना उघडते-मिटते. नुसता वरून गोंद ओतलेली फायरवॉल पुढच्या उड्डाणांत पुन्हा सुटते. जुना गोंद खरवडा, लाकूड ऑइल प्यायलं असेल तर कोरडं होईपर्यंत अल्कोहोलने पुसा आणि टिपकागदाने शोषून घ्या. मग सावकाश धरणारं, ३० मिनिटांचं इपॉक्सी वापरा. आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या आणि शक्य तिथे बारीक लाकडी खुंट्या द्या. पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे मला मान्य नाही. लाकडात मुरायला त्याला वेळच मिळत नाही.

पंखाचा स्पार (आतली मुख्य आडवी दांडी) तुटला असेल तर टोकाला टोक चिकटवून भागत नाही. दोन्ही टोकं तिरपी कापा, उताराची लांबी जाडीच्या ८ ते १२ पट, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लायवूडची पट्टी चिकटवा. कार्बनची नळी वरून धड दिसली तरी तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे ती तडकलेली आहे, बदला. बाल्साच्या बरगड्यांना पातळ सायनोॲक्रिलेट (सुपर ग्लू) पुरतं, पण चिकटवण्याआधी पंख सपाट फळीवर टाचण्यांनी धरा, नाहीतर पीळ कायमचा राहतो आणि विमान एका बाजूला ओढत राहतं.

कव्हरिंगला ठिगळ लावताना भोकाच्या भोवती बोटभर मोठा तुकडा घ्या, कोपरे गोल कापा. आधी कमी उष्णतेवर कडा चिकटवा, मग जास्त उष्णतेवर मधला भाग ताणा. इस्त्री लावण्याआधी पेट्रोलचा वास पूर्ण गेलेला असावा.

दुरुस्तीने वजन वाढतं, बहुतेक नाकात नाहीतर शेपटीत. म्हणून गुरुत्वमध्य रिकाम्या टाकीवर पुन्हा तपासा आणि मॉडेलच्या आराखड्यात दिलेल्या जागेवर आणा. शेपूट जड झालेलं विमान पहिल्या वळणातच हाताबाहेर जातं.

सर्व्हो, बिजागऱ्या आणि रेडिओ

प्रत्येक पृष्ठभाग ओढून बिजागरी तपासा आणि हाताने हलवून खुळखुळ बघा. सैल जोडामुळे वेगात पृष्ठभाग फडफडायला लागतो आणि काही क्षणांत फाटून जातो. सर्व्हो एका जागी घरघरत असेल किंवा दात चुकल्यासारखा उडी घेत असेल तर गिअर बदला. थ्रॉटलची काडी धातूची नको, प्लास्टिकची हवी. धातूतून इग्निशनचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत जातो. त्याच कारणाने इग्निशनची बॅटरी आणि बटण वेगळं, आणि मॉड्यूल रिसीव्हरपासून जमेल तितकं दूर.

रेंजची चाचणी दोनदा करा: इंजिन बंद असताना आणि चालू असताना. दुसऱ्या वेळी अंतर लक्षणीय घटलं तर प्लगची टोपी सैल आहे किंवा तिची जाळी तुटली आहे, आणि ते सुटेपर्यंत उड्डाण नाही. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल पूर्ण बंद होतो हे ट्रान्समीटर बंद करून डोळ्यांनी पाहा, विमान बांधलेलं असतानाच.

ठेवून देताना आणि पुन्हा उडवताना

महिनाभराहून जास्त काळ विमान ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं इंधन संपेपर्यंत इंजिन आयडलवर चालू द्या. प्लगच्या भोकातून टू-स्ट्रोक ऑइलचे चार थेंब सोडा, इग्निशनची बॅटरी काढलेली असताना प्रॉप एकदोनदा फिरवा, प्लग परत बसवा. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरची तोंडं कापडाने झाका, पण तिथे रंगीत फीत बांधा, म्हणजे काढायची आठवण राहील. बॅटऱ्या विमानातून काढून त्यांच्या प्रकाराला योग्य व्होल्टेजवर ठेवा.

दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण चार-पाच मिनिटांचंच करा, सगळं उत्तम वाटलं तरी. अर्ध्या थ्रॉटलवर मोठी वळणं घ्या, इंजिन बंद पडलं तरी धावपट्टीवर येता येईल एवढी उंची राखा, आणि उतरवा. काऊल काढा. बोल्टांवर पाना फिरवा, नळ्यांचे जोड कोरड्या बोटांनी चाचपून ओल लागते का पाहा, नव्या गोंदाच्या कडा टॉर्चने बघा, प्लग काढून रंग वाचा. हे सगळं ठीक दिसलं तर टाकी पूर्ण भरा.